त्यांना म्हणावं, हुक लावा

“मॅडम, त्यांना म्हणावं, हुक लावा.”

संतोष हे वॉकीटॉकीवर बोलला. ‘ते’ म्हणजे मिलिंद. मिलिंद त्याच्यापासून हातभर खाली, त्याच शिडीवर होता. मी मिलिंदच्या खाली. आम्ही तिघेही पवनचक्कीच्या पोटात, निम्म्या उंचीवर. टॉवर आतून पोकळ असतो. शेजारचा माणूस शिंकला तरी ते तळापर्यंत घुमत जातं. तिथे संतोष वॉकीटॉकी वापरून माझ्यामार्फत मिलिंदला निरोप देत होता.

“मिलिंद, हुक लागला का?” मी विचारलं.

“लागलाय. त्यांना सांगा.”

“संतोष, लागलाय.”

“ऐकलं मी,” संतोष म्हणाला आणि पुढे चढू लागला.

गेले काही आठवडे माझ्या साइटवर हे असं चाललं होतं.

तेव्हा मी नगर जिल्ह्यातल्या एका विंड साइटची इन-चार्ज होते. पाथर्डीच्या अंगाला डोंगराचं एक लांबलचक पठार आहे, त्यावर आमच्या चक्क्या रांगेने उभ्या. आम्ही चक्कीला ‘मशीन’ म्हणायचो आणि खालच्या गावातली माणसं ‘पंखा’. पंख्यांमुळे ढग पळून जातात आणि पाऊस पडत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. एका म्हाताऱ्या बाबांनी तर मला विचारलं होतं, “बाई, पावसाळ्यापुरते तरी बंद ठिवा की.” ढग वाऱ्याने येतात आणि मशीनही वाऱ्यानेच फिरतं, हे मी त्यांना चहा पीत पीत समजावलं. त्यांनी मान डोलावली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच विचारलं.

मशीनच्या टोकाला बसएवढी एक पेटी असते, तिला नेसेल म्हणतात. गिअरबॉक्स, जनरेटर सगळं तिच्यात. पाती तिच्याच नाकाला लावलेली. दुरुस्तीसाठी तिथवर शिडीने चढावं लागतं, आणि उंची चांगल्या पंचवीस मजली इमारतीएवढी. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीला हुक. हा हुक एका जागेवरून काढून दुसरीकडे अडकवताना जोडीदाराने विचारायचं, “हुक लागला?” आणि दुसऱ्याने सांगायचं, “लागला.” एकट्याने वर जायचंच नाही, हा आमचा पहिला नियम. वर एखाद्याला चक्कर आली, बोट अडकलं, तर खालून मदत पोचेपर्यंत फार उशीर होतो. तिथे जोडीदार हाच डॉक्टर आणि तोच देव.

संतोष आणि मिलिंद ही माझी सगळ्यात चांगली जोडी. संतोष पाथर्डीकडच्या एका वाडीतला. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. त्याचं लहानपण कारखान्यांच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत गेलेलं. नोकरी लागल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर आईवडिलांचं ऊसतोडीला जाणं बंद केलं. एकदा वर डबा खाताना म्हणाला होता, “मॅडम, आईबापानं जल्मभर खाली वाकून काम केलं. मला वर चढायचं काम घावलं. लई बरं वाटतं.”

मिलिंद काष्टीचा. डिप्लोमा केलेला, शांत, नियमाला पक्का. त्याची बायको पाथर्डीत नर्स, दोघं तिथेच राहायचे. बुद्धपौर्णिमेला मिलिंदच्या गावच्या घरची खीर खायला संतोष मोटरसायकलवरून एवढ्या लांब जायचा आणि येताना आईसाठी डबा भरून आणायचा. संतोषच्या बहिणीच्या लग्नात पंगतीत वाढायला मिलिंद होता. एकमेकांना संत्या आणि मिल्या. अरे-तुरेशिवाय दुसरी भाषा नाही.

मग तो पाना पडला.

आमच्या मशीनच्या बुडाशी शेळ्या बसतात. पठारावर झाड नाही. टॉवरची सावली तेवढी एक लांब पट्टा. शेळ्या त्या पट्ट्यात ओळीने बसतात आणि सावली सरकली की उठून त्याही सरकतात. त्यांच्यासोबत कोंडाबाई नावाची म्हातारी असायची. वर काम सुरू करायच्या आधी तिला लांब बसवायचं, हे ठरलेलं. त्या दिवशीही तिला लांब बसवलं होतं. पण एक शेळी परत सावलीला आली आणि तिला हाकायला कोंडाबाईही आली. त्याच वेळी नेसेलच्या खालच्या दारातून संतोषचा पाना सुटला. हत्याराला दोरी बांधायची असते, म्हणजे हातातून निसटलं तरी ते लोंबकळत राहतं. संतोषने दोरी बांधली नव्हती. पाना कोंडाबाईच्या जवळ, मुरमात मुठीपर्यंत रुतला. तिला काही झालं नाही. ती वर बघून शिव्या देऊन निघून गेली. पण थोडा इकडेतिकडे पडला असता, तर मी आज हे असं लिहीत बसले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टूलबॉक्स टॉक होता. हे नाव मोठं आहे, प्रकार साधा. काम सुरू करायच्या आधी सगळ्यांनी गोल उभं राहायचं, आज काय करायचं, काल काय चुकलं ते बोलायचं. त्या दिवशी नेमके पुण्याहून आमचे रीजनल मॅनेजर शहा सर आले होते. मी नेहमीप्रमाणे विचारलं, “काल काही झालं का?”

संतोष खाली बघत होता. बुटाने मुरूम उकरत होता. मग मिलिंद म्हणाला, “काल वरून पाना पडला. दोरी बांधलेली नव्हती. खाली माणूस होतं.”

“कोणाचा पाना?” शहा सरांनी विचारलं.

“संतोषचा.”

त्याच महिन्यात संतोष टीम लीडर होणार होता. ते तिथल्या तिथे थांबलं.

दोघांनाही मी वेगवेगळं बोलावलं. संतोष म्हणाला, “चूक झाली, मान्य हाय. मी सांगणारच हुतो मॅडम. तोंड उघडायच्या आत ह्यानं सगळ्यांपुढं, साहेबापुढं... एकदा मला बाजूला घिऊन बोलला असता तर? सोबत जेवणारा माणूस असं करतो व्हय?”

मिलिंद म्हणाला, “मी वाट बघितली मॅडम. उतरताना बघितली, घरी गेल्यावर फोनची बघितली, सकाळी गोलात उभा राहिल्यावर पण बघितली. तो बोललाच नाही. उद्या कुणी मेलं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं?”

दोघांचंही बरोबर होतं. अशी भांडणं सगळ्यात अवघड. एकाचं चूक असेल तर त्याला दटावता येतं.

त्या दिवसापासून ‘संत्या’ आणि ‘मिल्या’ बंद झालं. त्याच्या जागी अहो-जाहो आलं. आपल्याकडे राग शिवीत कमी दिसतो, या अचानक आलेल्या आदरात जास्त दिसतो. ‘त्यांना सांगा’, ‘ते आले की बघू’, ‘त्यांचा डबा तिकडं आहे’. मी जोड्या बदलून पाहिल्या. पण नवे पोरगे या दोघांना घाबरायचे. शेवटी शहा सरांचा फोन आला.

“मॅडम, उंचीवर न बोलणारी जोडी मला नकोय. एकाला कच्छच्या साइटवर पाठवा. कोणाला ते तुम्ही ठरवा. या आठवड्यात नाव द्या.”

“सर, थोडा वेळ द्या.”

“वेळ दिला तुम्हाला. उद्या अपघात झाला तर?”

सरांचंही चूक नव्हतं. पण संतोष कच्छला गेला तर घरी म्हातारे दोघंच. मिलिंद गेला तर बायकोची नोकरी इथे. आणि मला दोघंही हवे होते. दोघांना एकत्र बसवून मी दोनदा विचारलं, “एकमेकांकडून नक्की काय हवंय तुम्हाला?” दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, “काही नाही.”

त्याच आठवड्यात एका मशीनचा वारा मोजायचा सेन्सर बिघडला. हा सेन्सर नेसेलच्या छतावर, उघड्यावर असतो. वारा किती आणि कुठून आहे हे कळलं नाही तर मशीन आंधळं होतं आणि थांबून राहतं. छतावर जायला पक्की माणसं लागतात. दुसरी टीम रजेवर. म्हणून हे दोघं, आणि दोघांना एकटं सोडायची हिंमत नाही म्हणून तिसरी मी. हिवाळ्याची सकाळ होती. हिवाळ्यात वारा पडलेला असतो, त्यामुळे आमची वरची कामं तेव्हाच निघतात. त्या दिवशी धुकं असं दाट होतं की खालच्या दारातून आत शिरताना मला स्वतःचे बूट नीट दिसत नव्हते.

निरोपानिरोपी करत आम्ही वर पोचलो. मशीन लॉक केलं. संतोषने छताचं झाकण ढकललं आणि डोकं बाहेर काढलं. तो तसाच थांबला. निम्मा आत, निम्मा बाहेर.

“काय झालं?” मी खालून विचारलं.

तो वर सरकला आणि मला जागा दिली.

आम्ही धुक्याच्या वर आलो होतो. वर निळं, स्वच्छ आभाळ. खाली जिल्हाच नव्हता. गावं, रस्ते, साखर कारखान्याची चिमणी, काही नाही. लोण्यासारखं पांढरं, सपाट, नजर पोचेल तिथवर. त्यातून आमच्या बाकीच्या मशीनची फक्त डोकी वर आलेली. खालून कोंबड्याचा आवाज आला, कुठून ते कळेना. सूर्य पाठीमागे नुकता वर आलेला. मी कित्येक वर्षं चढत होते, पण असं पाहिलं नव्हतं.

मिलिंद आला. तिघांनी छताच्या पिवळ्या दांडीला हुक लावले. आणि मग आम्ही पश्चिमेकडे वळलो.

त्या बाजूला धुक्याचा लोट डोंगराच्या अंगाने वर चढून आमच्या समोर भिंतीसारखा उभा राहिला होता. त्या भिंतीवर आमच्या मशीनची सावली पडली होती आणि तिच्यावर तीन माणसांच्या सावल्या. आणि त्यातल्या एका सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं. पूर्ण गोल. आत पिवळसर, बाहेर तांबडं, त्याबाहेर पुन्हा एक फिकं.

मला ते काय आहे हे माहीत होतं. मी याच जिल्ह्यातल्या अकोले गावची. माझे वडील तिथे शाळामास्तर होते. तरुणपणी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर त्यांनी हे पाहिलं होतं, एकदाच. इंद्रवज्र म्हणतात त्याला. मग दर वर्षी पावसाळा सरताना ते मला घेऊन कड्यावर जायचे, मला दाखवायला. कधी धुकं असायचं तर ऊन नाही, कधी ऊन असायचं तर धुकं नाही. आम्ही दगडावर बसून भाजलेले शेंगदाणे खायचो आणि ते म्हणायचे, “पुढच्या वर्षी.” माझं लग्न झालं, नोकरी लागली, त्यांचे गुडघे गेले. शेवटच्या आजारपणातही एकदा म्हणाले, “तुला कडं दाखवायचं राहिलं बघ.”

आणि ते आता समोर होतं. शेजारी बाबा नव्हते. मला इतकं वाटलं की आत्ता त्यांना फोन करावा, की माझा हात खिशाकडे गेला. मग लक्षात आलं. डोळे भरून आले आणि कडं पुसट झालं, तेव्हा घाईने डोळे पुसले. ते चुकायला नको होतं.

आम्ही तिघं आपापल्या सावलीकडे बघत राहिलो. मग संतोष बोलला. वॉकीटॉकीवर नाही, तोंडाने. आणि अगदी हळू, देवळात बोलतात तसं.

“माझ्या डोक्याभवती हाय ते.”

“नाही रे,” मिलिंद म्हणाला, “माझ्या डोक्याभोवती आहे.”

“न्हाई मिल्या, हे बघ, मी हात हलवतो. हे बघ, कड्यातला माणूस हात हलवतोय.”

“हात हलतोय तो कड्याच्या बाहेरचा माणूस आहे. आतला मी आहे. थांब, मी हलवतो.”

त्याने हात हलवला. संतोष पुढे वाकून बघत राहिला. “तुजा हात मला बाहेर दिसतोय,” तो म्हणाला. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, कुणाच्या डोक्याभवती हाय?”

“मला माझ्या डोक्याभोवती दिसतंय,” मी म्हणाले. थेंबावर पडलेला उजेड जिकडून आला तिकडेच परत फिरतो. त्यामुळे ज्याने बघावं त्याला ते आपल्याच सावलीभोवती दिसतं. शेजारच्याचं कडं आपल्याला दिसत नाही आणि आपलं त्याला. एवढं मी सांगितलं आणि गप्प बसले. पुढे काही जोडावं असं वाटलं होतं. जोडलं नाही, हे बरं झालं.

संतोष छतावर बसला. मिलिंदही बसला. मी ऑफिसात दोनदा विचारलेला प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. माझाही आवाज आपोआप खाली आलेला होता.

“संतोष, तुला याच्याकडून काय हवं होतं?”

या वेळी तो ‘काही नाही’ म्हणाला नाही. धुक्याकडे बघत म्हणाला, “त्या रात्री ह्यानं एकदा घरी यायला पायजे हुतं. संत्या, तू उद्या सांग न्हाईतर मी सांगतो, एवढंच. मला झोप न्हवती मॅडम. म्हातारी मेली असती, हेच डोळ्यापुढं. कुणीतरी यावं असं लई वाटत हुतं.”

मिलिंद बराच वेळ पट्ट्याच्या बकलाशी चाळा करत राहिला.

“आलो होतो,” तो म्हणाला. “वाडीच्या फाट्यापर्यंत आलो होतो. तुझ्या घरातला दिवा दिसत होता. तुझी आई दारात होती. म्हटलं, आता हिच्यापुढं काय बोलू. गाडी वळवली.”

“मग आत यायचं की येड्या.”

“यायला पाहिजे होतं.”

“फाट्यापर्यंत आला, आन् गेला?” संतोषचा आवाज फुटला. “मी वट्ट्यावरच बसल्यालो हुतो रे.”

मिलिंद म्हणाला, “सांगितलं ते चुकलं नाही. सगळ्यांपुढं सांगितलं, ते चुकलं. तेवढं माफ कर.”

संतोषने माफ केलं असं तोंडाने म्हटलं नाही. पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली. धुक्याची भिंत तोवर विरायला लागली होती. कडं फिकं झालं, मग एका बाजूने तुटलं, मग नुसत्या सावल्या राहिल्या, मग त्याही गेल्या. खालून एकेक गोष्ट वर आली. आधी टेकडी, मग मोबाईलचा टॉवर, मग एस.टी.

“चला, सेन्सर,” मी म्हणाले.

फोटो कुणीच काढला नाही. तिघांच्याही खिशात मोबाईल होते.

काम करताना दोघं फार बोलले असं नाही. पण उतरताना वरून आवाज येत होता, “हुक लागला?” “लागला.” माझं नाव मध्ये नव्हतं.

पुढच्या सकाळी टूलबॉक्स टॉकमध्ये संतोष स्वतः पुढे झाला. पाना कसा सुटला, दोरी का बांधली नव्हती, हे त्याने सगळ्यांना सांगितलं. कंटाळा केला, असं सरळ म्हणाला. मी शहा सरांना फोन केला आणि नाव देणार नाही म्हणाले.

“अचानक काय झालं?”

“सर, वर गेलो होतो. बोलले एकमेकांशी.”

“काय केलंत तुम्ही?”

“काही नाही. धुकं होतं.”

सरांना वाटलं लाईन खराब आहे. पण त्यांनी मुदत दिली, आणि पुढे ती वाढवावी लागली नाही.

सगळं पहिल्यासारखं झालं, असं मात्र सांगता येणार नाही. संत्या-मिल्या परत आलं, खीर परत सुरू झाली. तरी कधीतरी चेष्टेत संतोष म्हणायचा, “हळू बोल, मिल्या साहेबाला सांगंल,” आणि मिलिंद हसायचा, पण जरा उशिरा. दोन-तीन वर्षांनी संतोष टीम लीडर झाला आणि स्वतःच्या मर्जीने, आईवडिलांना घेऊन, कच्छला गेला. मिलिंद त्याच डोंगरावर आहे. त्याला नवा जोडीदार चांगला मिळाला आहे, पण डबा तो एकटाच खातो, असं मला कळलं.

हा उपाय मी पुढे एकदा मुद्दाम करून पाहिला. दोन सुपरवायझर भांडत होते. छान स्वच्छ सकाळ बघून त्यांना वर नेलं. त्यांनी दृश्य बघितलं, सेल्फी काढले, आणि कुणाचा फोटो आधी ग्रुपवर टाकायचा यावरून उतरेपर्यंत वाद घातला.

आता मी पुण्यात कंट्रोल रूममध्ये असते. डोंगरावरची मशीन मला स्क्रीनवर हिरव्या ठिपक्यांसारखी दिसतात. वारा किती, वीज किती, तापमान किती, सगळं कळतं. धुकं आहे की नाही ते कळत नाही. हिवाळ्यात सकाळी एखादा ठिपका पिवळा होतो, म्हणजे मशीन थांबवून कुणीतरी वर चढतंय. तेव्हा माझं कामात लक्ष लागत नाही. ए.सी.च्या खोलीत बसून मला वर जावंसं वाटतं, पट्टा आवळून, गार शिडीला हात लावून. एकदा न राहवून मिलिंदला फोन केला.

“आज आहे का रे धुकं?”

“नाही मॅडम. कोरडं आहे. त्या दिवसानंतर तसं कधी आलंच नाही.”

“संतोष काय म्हणतो?”

“आत्ताच फोन आलेला. तो पण हेच विचारत होता.”

नव्या इन-चार्जना ट्रेनिंग द्यायला मला बोलावतात. भांडणाऱ्या जोडीचं काय करायचं, असं कुणीतरी विचारतंच. मी सांगते की उपाय माझ्याकडे नाही. माणसाला आपण फार लहान आहोत असं वाटतं, तेव्हा त्याचा आवाज खाली येतो. ते आपल्याला घडवून आणता येत नाही. पण घडलंच, तर भाषण करू नका, फोटो काढू नका. जो प्रश्न राहिलाय तो लगेच विचारून घ्या. अर्ध्या तासात ऊन चढतं.